आवाजाआधीचं माप

पळसदरी सोडली की खोपोलीची लोकल घाटाच्या रुळांपासून बाजूला होते आणि भातखाचरांमधून चालू लागते. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी त्या गाडीतून उतरले, अर्धा तास चिखल तुडवला आणि एका घराच्या पडवीत पोचले, तेव्हा भर दुपारी आत संध्याकाळ वाटत होती. बाकावर पत्र्याची एक चौकोनी चासी उपडी ठेवलेली. तिच्या पोटात तारांचं जाळं, आणि शेजारी लाकडी फळीवर शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब. सत्तरी ओलांडलेल्या काकांनी बटण दाबलं. बल्ब भगभगून पेटला, मग हळूहळू उतरला आणि निखाऱ्यासारखा मंद होऊन राहिला.

"शॉर्ट नाही," काका म्हणाले. "असता तर हा तसाच जळत राहिला असता. बसा ताई, चहा ठेवलाय."

त्या फळीला मेकॅनिक मंडळी सिरीज बोर्ड म्हणतात. नवीन केलेली किंवा बिघडलेली वस्तू थेट लाइनवर न लावता मध्ये एक बल्ब घालायचा. आत कुठे तार तारेला चिकटली असेल तर बल्ब झगझगीत पेटून सगळा भार स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. वीस रुपयांचा बल्ब आणि हजारो रुपयांचा ट्रान्सफॉर्मर यांच्यातला हा व्यवहार काका पन्नास वर्षं करत आले आहेत.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'हातानं केलेलं'. खोपोलीच्या एका कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरच्या घरी व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बनवतात, असं कळलं होतं. माझी अपेक्षा होती की लाकूडकाम, पत्राकाम, डाख देणं असं काही पाहायला मिळेल. ते मिळालंच. पण तीन महिन्यांत पाच वेळा जाऊन माझं सगळं लक्ष शेवटी एका लहानशा कामावर खिळलं, जे बाहेरून दिसतही नाही. पितळी स्क्रूड्रायव्हरनं केसभर फिरवलेला एक प्रीसेट, म्हणजे कमीजास्त करता येणारा छोटा रेझिस्टन्स, आणि मल्टिमीटरवरचा एक आकडा. त्या कामाला बायस लावणं म्हणतात. अॅम्प्लिफायर गातो कसा हे त्यावर ठरतं, आणि तो किती वर्षं गाईल हेही.

राजनाल्याचं दार

भिवपुरीच्या वीजघरातून टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतांकडे जातं आणि त्यावर उन्हाळी भात उभं राहतं. काकांचं आजोळ त्या बाजूचं. व्हॉल्व्ह म्हणजे काय, असं मी विचारल्यावर त्यांनी मला नाल्यावरचं दारच डोळ्यांसमोर उभं करायला सांगितलं. वर पाण्याचा दाब, खाली शेत, मध्ये लोखंडी दार. माणूस दाराचा दांडा जरासा फिरवतो, तेवढ्यानं खाली पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. लोंढ्याची ताकद माणसाची नव्हे, वरच्या पाण्याची. माणसाची फक्त खूण.

व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थच झडप. १९०४ साली जॉन फ्लेमिंग यांनी काचेच्या निर्वात नळीत एकाच दिशेनं वीज वाहू देणारी अशी झडप बनवली. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात मधोमध तारेची एक जाळी घातली, तेव्हा त्या झडपेला दांडा मिळाला. या जाळीला ग्रिड म्हणतात. नळीच्या गाभ्यात कॅथोड असतो, हीटरनं तापवून नारिंगी केलेला. त्याच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर चारशेच्या वर व्होल्ट. ती इलेक्ट्रॉनना ओढते. वाटेत ग्रिड. ग्रिड कॅथोडपेक्षा थोडा उणे ठेवला की तो इलेक्ट्रॉनना मागे रेटतो; जितका जास्त उणे, तितकं दार बंद. गाण्याचा सिग्नल या ग्रिडवर येऊन बसतो आणि दार क्षणात हजारो वेळा हलवतो.

प्रश्न असा की गाणं येण्याआधी दार किती उघडं असावं? पुरतं बंद ठेवलं तर हलका सूर दाराला धक्का देऊनही पाणी येणार नाही. सताड उघडं ठेवलं तर गाणं नसतानाही लोंढा वाहत राहील, आणि इथे लोंढा म्हणजे उष्णता. प्लेट तापून लाल होईल. दोन्हींच्या मधली एक जागा हवी. ग्रिडवर कायमचा किती उणे व्होल्ट ठेवायचा हे ठरवून ती जागा पकडतात. तो उणे व्होल्ट म्हणजे बायस.

मला यात सगळ्यात आश्चर्य वाटलं ते असं: अॅम्प्लिफायर गप्प आहे, खोलीत फक्त पावसाचा आवाज आहे, आणि तरी नळीतून करंट अखंड वाहतो आहे. काका मोजतात तो हा गप्प असतानाचा करंट.

साजगावच्या यात्रेतले भोंगे

खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. कार्तिकी एकादशीपासून पंधरा दिवस. वारकरी असतात, आणि सुक्या मासळीचा मोठा बाजारही असतो. देवाला बोंबल्या हे नाव लोकांनी त्यावरूनच दिलं, असं तिथे सगळे सांगतात. पंधरा-सोळा वर्षांचे असताना काका एका लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली या यात्रेत आणि माघी गणेशोत्सवात महडला जायचे. झाडावर चढून कर्णे बांधायचं काम त्यांचं. खाली खोक्यावर ठेवलेल्या अॅम्प्लिफायरला हात लावायची मुभा नव्हती.

"रात्री तमाशाचा फड संपला की मालक झाकण काढायचे," काका सांगत होते. "आत चार व्हॉल्व्ह. मी लांबून बघायचो. एकदा म्हणाले, ये, हात पुसून ये. म्हणाले, प्लेटचा रंग बघ. काळी दिसते तोवर झोप. लालीचा डाग दिसला की बटण बंद."

बायसचा पहिला धडा त्यांना मीटरशिवाय मिळाला, डोळ्यानं. त्या काळात फिरत्या लाउडस्पीकरवाल्यांपैकी बऱ्याच जणांकडे चांगला मीटर नव्हताच. सभा, कीर्तनं, वग आणि सिनेमाचे तंबू, सगळ्यांचा आवाज या नळ्यांवर चालायचा. गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी पट्टी दिसते. नाव परदेशी, पण पेढी मोटवाने कुटुंबाची, मुंबईची. त्या मायक्रोफोनच्या दुसऱ्या टोकाला असेच तापलेले व्हॉल्व्ह होते. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१पासून फिलिप्सच्या सहकार्यानं व्हॉल्व्ह देशातच काढले. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या कंपनीचे काही अजून आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मग ट्रान्झिस्टर आला, तो हलका आणि कमी तापणारा होता, आणि वीस वर्षांत हे सगळं भंगारात गेलं. काकांनी ते भंगारातूनच उचललं, काही चोरबाजारातून, काही लॅमिंग्टन रोडवरून. नवे व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये बनतात. बाकावरच्या चासीत लागणार होते ते दोन ईएल३४ काकांच्या नातीनं मागवले होते, स्लोव्हाकियातून आलेले.

नात पनवेलला डिप्लोमा करते. शनिवार-रविवार घरी असते. आकडे वहीत उतरवणं हे तिचं काम, आणि आजोबांना प्रश्न विचारणं हेही.

घाटातला बँकर

कर्जतला गाडी थांबली की मागे इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ सदतिसाला एक; पुढचं इंजिन एकटं गाडी वर नेऊ शकत नाही. पुढून ओढणं आणि मागून ढकलणं, दोन्ही एकाच दिशेला. मागच्या इंजिनाला इथले लोक बँकर म्हणतात, आणि लहान पोरंही त्याचा आवाज ओळखतात.

काकांच्या अॅम्प्लिफायरमध्ये दोन ईएल३४ असेच जोडीनं काम करतात. सुराची लाट वर जाते तेव्हा एकाचा करंट वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो. लाट खाली येते तेव्हा उलट. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोघांचं बळ एकत्र होऊन स्पीकरकडे जातं. या रचनेला पुश-पुल म्हणतात. ब्रिटनमधल्या मलार्ड कंपनीनं पन्नाशीच्या दशकात अशी सर्किटं छापून प्रसिद्ध केली. १९५९चं त्यांचं पुस्तक घरगुती अॅम्प्लिफायर करणाऱ्यांनी जगभर वापरलं. काकांकडे त्याची झेरॉक्स आहे, कडा तेलकट झालेली.

मोठ्या आवाजात प्रत्येक व्हॉल्व्ह लाटेचा काही भाग विश्रांती घेतो आणि तेवढा वेळ दुसरा एकटा ओढतो. एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, ही अदलाबदल लाटेच्या मधोमध होते, जिथे सूर सगळ्यात हलका असतो. बायस थंड लावला, म्हणजे ग्रिड फार उणे ठेवला, तर पहिला सोडतो तेव्हा दुसऱ्यानं अजून धरलेलंच नसतं. घाटात असं झालं तर डब्यांना हिसका बसेल. गाण्यात तो हिसका खरखर बनून येतो.

मी विचारलं, हे ऐकू येतं का? काकांनी घरातला जुना अॅम्प्लिफायर लावला आणि त्यावर नुसता तंबोरा वाजवला. प्रीसेट थंड बाजूला नेला. मोठ्या आवाजात मला काही कळलं नाही. मग त्यांनी आवाज इतका लहान केला की पावसातून तंबोरा जेमतेम ऐकू येत होता, आणि तेव्हा कळलं: जवारीचा जो रेशमी गुंजारव तारेच्या मागे रेंगाळतो, त्यात बारीक रेती मिसळल्यासारखी झाली होती. प्रीसेट परत जागेवर आला तशी रेती गेली. बायसची चूक मोठ्या आवाजात लपते आणि हळुवार जागी उघडी पडते. तेव्हापासून कुणी धडाकेबाज गाणं लावून अॅम्प्लिफायर पारखू लागलं की मला तो तंबोरा आठवतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर काकांनी खोपोलीतल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून स्वतः गुंडाळला. प्रायमरीचे आणि सेकंडरीचे थर आळीपाळीनं, मध्ये कागद, शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत. प्रायमरीच्या मधल्या टोकाला हाय व्होल्टेज येतं आणि तिथून दोन फाटे दोन व्हॉल्व्हना जातात. दोघांचा गप्प करंट सारखा असेल तर लोखंडी गाभ्यात दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडतो. एक चाळीस मिलिअँप ओढतोय आणि दुसरा पंचावन्न, असं झालं तर उरलेला पंधराचा फरक गाभ्याला एका बाजूला चुंबकीय करून ठेवतो. मग मृदंगाचा, पखवाजाचा खालचा सूर गाभ्यात मावत नाही. दोन व्हॉल्व्हना वेगवेगळे प्रीसेट देण्याचं कारण हे.

पाटावर उभं राहून

सप्टेंबरमध्ये मी तिसऱ्यांदा गेले त्या दिवशी नव्या चासीला पहिल्यांदा बायस लावायचा होता. जमीन पावसानं ओलसर होती. काकांनी बाकासमोर देवघरातल्यासारखा लाकडी पाट ठेवला आणि त्यावर उभे राहिले. डावा हात खिशात. चालू अॅम्प्लिफायरच्या पोटात कधीही दोन हात घालायचे नाहीत. एका हातातून आलेली वीज दुसऱ्या हातातून गेली तर वाटेत हृदय आहे. नातीला त्यांनी ही एक गोष्ट सोल्डरिंगच्याही आधी शिकवली. दुसरी शिकवली ती बंद अॅम्प्लिफायरबद्दल: प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट राहतात. त्यांच्या टोकांमध्ये एक रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवायचा, तो हळूहळू ते रिकामे करतो, आणि तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघायचं. मी हे इतकं सविस्तर लिहिते आहे कारण हा लेख वाचून कुणाला जुना रेडिओ उघडावासा वाटेल. त्यांनी आधी हे वाचावं.

स्पीकर जोडला नव्हता. त्याच्या जागी आठ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टन्स. स्पीकर किंवा हा रेझिस्टन्स, दोन्हींपैकी काहीच नसताना सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्ट उसळतात आणि आतला कागद फुटतो.

व्हॉल्व्ह अजून बाहेरच होते. आधी होल्डरच्या पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडच्या जागी, काकांनी मीटर लावला. उणे ५२. दोन्ही बाजूंना. दार जवळजवळ पुरतं बंद. "व्हॉल्व्ह लावताना नेहमी बंद दारानं सुरुवात," ते म्हणाले. मग अॅम्प्लिफायर बंद केला, थांबले, व्हॉल्व्ह बसवले, पुन्हा चालू केला. मिनिटभरात दोन्ही गाभे नारिंगी झाले.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडपासून जमिनीपर्यंत दहा ओहमचा एक रेझिस्टन्स आहे. त्याच्या टोकांमधला व्होल्ट मोजला की करंट कळतो. ०.४५ व्होल्ट म्हणजे ४५ मिलिअँप. हे मोजताना मीटरची टोकं हाय व्होल्टेजपासून दूर राहतात, म्हणून ही पद्धत सुरक्षित. पण नातीनं इथेच अडवलं. "आजोबा, पंचेचाळीस सगळे प्लेटचे नाहीत ना? स्क्रीनचे त्यातच आले." बरोबर. ईएल३४मध्ये प्लेटखेरीज स्क्रीन नावाची आणखी एक जाळी करंट घेते, या जागी पाच-सहा मिलिअँप. म्हणजे प्लेटचे एकोणचाळीस. प्लेटवर ४२५ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार सुमारे साडेसोळा वॅट. ईएल३४ची प्लेट सोसू शकते पंचवीस. गप्प असताना सत्तर टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे साडेसतरा वॅटच्या खाली, हा पुश-पुल अॅम्प्लिफायर करणाऱ्यांचा ठोकताळा. साडेसोळा त्यात बसतात.

प्रीसेट फिरू लागला. एका बाजूला ०.२०, ०.३१, ०.३८. मग दुसरी बाजू. दुसरीकडे वाढवलं की पहिलीकडचा आकडा थोडा उतरायचा, कारण दोघं एकाच हाय व्होल्टेजवर जगतात. पुन्हा पहिली. असं चार फेऱ्यांत दोन्हीकडे ०.४५ आलं, तेव्हा एका ग्रिडवर उणे ३६ होते आणि दुसऱ्यावर जवळजवळ ३८. एकाच खोक्यातले, एकाच कारखान्यातले दोन व्हॉल्व्ह, आणि दोघांची जागा वेगळी. पुस्तकातला व्होल्ट बघून बायस लावणारे इथे फसतात. पुस्तकात छापलेला आकडा सरासरी व्हॉल्व्हचा असतो. बाकावरचा व्हॉल्व्ह सरासरी नसतो.

आणि तरी काम संपलं नाही. काकांनी पाट सोडला, चहा मागवला. वीस मिनिटांनी काच, कॅथोड, ट्रान्सफॉर्मर सगळं पूर्ण तापलं तेव्हा आकडे ०.४८ आणि ०.४७ झाले होते. पुन्हा खाली आणले.

हे सगळं टाळायची एक वाट आहे. घरातल्या दुसऱ्या एका जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये छोटे ईएल८४ आहेत, ज्यांच्या प्लेटची कुवत बारा वॅट. तशा एका व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली साधारण १३५ ओहमचा रेझिस्टन्स घातला की करंट स्वतःच त्याच्यावर सात-साडेसात व्होल्ट उभे करतो आणि तोच बायस बनतो. व्हॉल्व्ह जास्त ओढू लागला की व्होल्ट वाढतो, दार आपोआप मिटतं. म्हाताऱ्या व्हॉल्व्हलाही ही रचना सांभाळून घेते. पण त्यात काही व्होल्ट आणि काही ताकद त्या रेझिस्टन्सची गरमी होऊन जाते, आणि आवाज मोठा होत गेला की बायस सरकतो. नवीन कुणी शिकत असेल तर काका त्याला हेच करायला सांगतात. मलाही ते पटतं. प्रीसेटचा बायस ज्याला दर काही महिन्यांनी मीटर घेऊन बसायचं आहे त्यानंच घ्यावा.

मनोऱ्यांखालचं व्होल्टेज

खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली येऊन इथे टर्बाइनवर पडतं आणि मग पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीचं वीजघर १९२२चं. दोन्हींची वीज मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि रेल्वेकडे गेली. हे मनोरे ज्यांच्या शेतांवरून गेले त्यांच्या घरात कंदीलच राहिला, कित्येक वर्षं. १९४२च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्यानं यातले मनोरे पाडून मुंबईची वीज तोडली. त्या दस्त्यात शेतकरी होते, शाळामास्तर होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. काकांच्या वडिलांनी हिराजींना पाहिलं होतं. चहा पिताना काकांनी हे सांगितलं आणि मनोऱ्यांच्या रांगेकडे बोट केलं. ती पडवीतून दिसते.

आता त्या पडवीत वीज आहे, आणि ती दिवसभर एकसारखी नसते. नातीनं एका शनिवारी घरातला व्होल्ट मोजला: दुपारी दोनला २२८, संध्याकाळी साडेसातला २०७, मध्यरात्री २४६. गावाच्या टोकाची घरं डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब असतात. सगळ्यांचे दिवे आणि पंप चालू झाले की टोकाला व्होल्ट उतरतो, सगळे झोपले की चढतो. बायस दुपारी लावला. तो मध्यरात्री किती असेल?

काकांनी कारखान्याच्या भंगारातून आणलेला डिमरस्टॅट बाकावर घेतला, ज्याची मूठ फिरवून हवा तो व्होल्ट काढता येतो. २३०वर दोन्हीकडे ०.४५. २०७वर ०.३८. २४६वर ०.५०. यामागचा नियम सुंदर आहे. व्हॉल्व्हवरचे सगळे व्होल्ट एकाच प्रमाणात वाढले तर करंट त्या प्रमाणाच्या दीडाव्या घातानं वाढतो, आणि प्लेटची गरमी अडीचाव्या घातानं. लाइन दहा टक्के चढली तर गरमी सत्तावीस टक्के चढते. गप्प अवस्थेत सत्तर टक्क्यांवर थांबायचं ते सुराच्या कारणानं आहेच. पण आमच्याकडे ते मध्यरात्रीच्या व्होल्टमुळेही आहे, आणि मला वाटतं लाइन डोलते त्या घरी सत्तरऐवजी साठावर थांबावं.

नातीला यावर उपाय सुचला. निदान उणे व्होल्ट तरी पक्का बांधून टाकू, झेनर डायोड घालून. लाइन हलली तरी बायस हलणार नाही. काकांना उत्तर ठाऊक असावं. पण ते म्हणाले, "घाल. बघू." तिनं अर्ध्या तासात जोडलं, २३०वर पुन्हा ०.४५ लावलं आणि मूठ २४६वर नेली. मीटर ०.६१वर गेला. प्लेटवर तेव्हा ४५५ व्होल्ट होते. हिशेब केला तर चोवीस वॅट, कुवतीच्या अगदी काठावर. तिनं झटकन मूठ मागे घेतली.

ती बराच वेळ वहीत बघत बसली आणि मग तिनंच सांगितलं. आधी लाइन चढली की प्लेटची ओढ वाढायची आणि त्याच प्रमाणात ग्रिडचा रेटाही वाढायचा, कारण दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येतात. आपण रेटा बांधून टाकला आणि ओढ मोकळी सोडली. बांधायचं तर सगळं बांधायला हवं, नाहीतर काहीच नको. झेनर निघाला. लवकरच घरात स्टॅबिलायझर आणायचं ठरलं.

लाल प्लेट

गणपतीनंतर एका मंडप डेकोरेटरनं टेंपोतून जुना अॅम्प्लिफायर आणला. गोदामात पावसाळा काढलेला. चालू करून दोन मिनिटं झाली आणि एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर, शिवणीशेजारी, जांभळाच्या सालीएवढा लाल डाग उमटला. काकांनी लगेच बंद केलं. डेकोरेटर म्हणाला, व्हॉल्व्ह गेला, नवा टाका.

त्याचं ऐकून नवा व्हॉल्व्ह टाकला असता तर तोही लाल झाला असता. काकांनी दोन्ही व्हॉल्व्ह काढले आणि रिकाम्या होल्डरवर ग्रिडचा व्होल्ट मोजला. एका बाजूला उणे ३७. दुसऱ्या बाजूला उणे २१. व्हॉल्व्ह नसतानाही सोळा व्होल्ट कुणीतरी खात होतं. तो होता आधीच्या टप्प्याकडून सूर आणणारा कंडेन्सर, मेणकागदाचा, साठ वर्षांचा. त्याच्या एका टोकाला अडीचशे व्होल्ट असतात. त्यानं फक्त सूर पुढे सोडायचा आणि हे व्होल्ट अडवून धरायचे. कागदात ओल शिरली की अधिक व्होल्टांची बारीक गळती ग्रिडवर येते. एका मिलिअँपचा दहावा भागही नव्हे, पण दार उघडं राहायला तेवढी पुरते. रायगडच्या पावसात हा आजार इतका नेहमीचा की जुना अॅम्प्लिफायर आला तर दोन्ही बाजूंचे हे कंडेन्सर काका न विचारता बदलतात.

दुसरा संशय नेहमी प्रीसेटवर. त्याच्या आतली सरकती पट्टी गंजून क्षणभर जरी सुटली, तर ग्रिडला उणे मिळतच नाही आणि दार सताड उघडतं. म्हणून पट्टीपासून उणे टोकाकडे एक रेझिस्टन्स जोडायचा: पट्टी सुटली तर व्होल्ट जास्तीत जास्त उणे होईल, अॅम्प्लिफायर गप्प होईल, जळणार नाही. हा रेझिस्टन्स दीड रुपयाला मिळतो. विकत घेतलेल्या अॅम्प्लिफायरमध्येही तो नसलेला मी काकांच्या बाकावर पाहिला.

डेकोरेटरचे तेच जुने व्हॉल्व्ह परत बसले. ०.३८ आणि ०.३९. त्यांचं वय बघून काकांनी जरा थंडच ठेवलं. काचेत आतून निळसर झाक हलत होती, तेव्हा डेकोरेटर पुन्हा घाबरला. काचेला चिकटलेली निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत, गाभ्याभोवती जांभळट गुलाबी धुकं दिसलं तर आत वायू शिरलाय. आणि टोकाचा चंदेरी मुलामा पांढरा झाला असेल तर काच तडकून हवा गेली, मग तो व्हॉल्व्ह लावायचाच नाही. हे सगळं काकांनी त्याला व्हॉल्व्ह हातात देऊन दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. बापाच्या धंद्यातला अॅम्प्लिफायर, पण त्याचं झाकण त्यानं पहिल्यांदाच काढलेलं पाहिलं होतं.

ऑक्टोबर

पाऊस गेल्यावर मी शेवटची गेले. खाचरं पिवळी होऊन कापणीला आली होती. नव्या अॅम्प्लिफायरला आता जांभ्याचा रंग दिलेली पत्र्याची चासी, कडेनं सागाची पट्टी, व्हॉल्व्हवर जाळीचं झाकण. घरात स्टॅबिलायझर आला होता. साजगावची यात्रा तोंडावर होती आणि डेकोरेटरनं तिथे आपला जुना अॅम्प्लिफायर लावायचं ठरवलं होतं. काका आणि नात दोघं पहिल्या रात्री जाणार होते, मीटर घेऊन.

त्याआधी घरच्या नव्या अॅम्प्लिफायरची पावसाळ्यानंतरची मोजणी करायची होती. झाकण काढलं. आठ ओहमचा रेझिस्टन्स जोडला. काका खुर्चीत बसले आणि स्क्रूड्रायव्हर नातीकडे दिला. ती पाटावर उभी राहिली, डावा हात ओढणीत गुंडाळून पाठीमागे धरलेला. दीड महिना वापर होऊन एक बाजू ०.४३वर आली होती, दुसरी ०.४६वर. "नवे व्हॉल्व्ह सुरुवातीला हलतात," काका म्हणाले. "अजून महिन्यानं परत बघ. मग सहा महिन्यांनी." तिनं प्रीसेट फिरवला. इतका थोडा की स्क्रूड्रायव्हर हलला हे मला दिसलंच नाही, आकडा बदलला तेव्हा कळलं. पहिली बाजू, दुसरी, पुन्हा पहिली.

"लाइन?" काकांनी विचारलं.

"दोनशे एकोणतीस."

"तीही लिही. नाहीतर पुढच्या वेळी आकडा वाचून कळणार काय?"

वहीत तिनं तारीख लिहिली, ०.४५, ०.४५, शेजारी २२९, आणि घड्याळ पाहून वेळ: आठ दहा. अॅम्प्लिफायर बंद केला. गाभ्यांचा नारिंगी उजेड मावळेपर्यंत आणि मीटरवर हाय व्होल्टेज शून्याला येईपर्यंत थांबली. मग सिमेंटचा रेझिस्टन्स काढून तिथे स्पीकरच्या तारा कसल्या.